बारीक बुडबुडे

बसच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या नवरा-बायकोचं बोलणं नर्सच्या कानावर पडत होतं. दिवसभराच्या ड्यूटीनं तिच्या पायांचे तुकडे पडले होते.

“आज पुन्हा साहेबांशी वाजलं वाटतं?” नवऱ्यानं विचारलं.

“वाजलं. फोम कापून दाखवला त्यांना. बुडबुडे चांगले मोहरीएवढे मोठे.”

“फुगला ना पण? मग बिघडलं कुठे?”

“फुगला की. पण थंडावा धरायचा तर बुडबुडे अगदी बारीक हवेत, आणि प्रत्येकाचं तोंड बंद हवं. ते काम त्या साबणासारख्या द्रव्याचं. घालतो इतकुसंच, पण ते चुकलं की बुडबुडे फुटून एकमेकांत मिसळतात.”

“मग नेहमीचं घाला.”

“ते संपलंय. नवं येईपर्यंत साहेबांना धीर नाही, म्हणून भलतंच घातलं. फोम भरलेली पेटी बाहेरून अगदी तशीच दिसते.”

“कसली पेटी?”

“लशी न्यायची. आतला बर्फ वाटेतच वितळेल रे. आणि लस खराब झाली तरी दिसायला तशीच राहते. टोचणारीला बिचारीला काय कळणार?”

नर्सनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“मग तू काय केलंस?”

“मी या पेट्या पास करणार नाही म्हटलं.”

“आणि ते?”

“म्हणाले, दुसरं कुणीतरी करेल. तुम्ही उद्यापासून येऊ नका.”

वळणावर बस दिसली, तशी रांग पुढे सरकली.

“सकाळी डबे दोन भरू की एक?” नवऱ्यानं विचारलं.

“एकच. तुझा.”