सायकलीवर बसवून घेतलेलं माप

मंडळी, ऐका! मागच्यांनी पुढं सरका — मारुतीरायाच्या मंडपात जागा भरपूर आहे, कमी आहे ती आपल्या गुडघ्यांची तयारी! सरकलात? हां. आता एक विचारतो. अंगातला कपडा काचायला लागला, तर आपण काय म्हणतो? कपडा लहान झाला! चप्पल चावली — चप्पल वाईट! आणि नातं काचायला लागलं तर? समोरचा बदलला! होय की नाही? मग मी विचारतो, काचतं तेव्हा चूक दर वेळी कापडाचीच असते का? का कधीकधी आपलंच उभं राहणं चुकतं?

उत्तर आत्ताच देऊ नका. आज आख्यान राजाचं नाही, ऋषीचं नाही. आज आख्यान आहे एका चड्डीचं! — पेटीवाले, सूर धरा, हसताय काय? देवाच्या दारात चड्डीचं नाव नको म्हणता? अहो, देवानं आपल्याला खाली पाठवलं तेव्हा तीही नव्हती अंगावर!

सांगलीत महिपतराव लोंढे म्हणून एक गृहस्थ. वीज बोर्डातनं निवृत्त झालेले, साठी कधीच ओलांडलेली. घरात मालनताई, त्यांच्या पत्नी. मुलगी अनुजा पुण्याला. सगळं बरं चाललेलं. पण गेल्या भाऊबीजेपासून महिपतरावांच्या छातीत एक वाक्य अडकून बसलेलं — निघता निघत नव्हतं!

वाक्य होतं त्यांच्या थोरल्या बहिणीचं. सुलाक्का! तासगावच्या पुढं बोरसगाव आहे, तिथं तिला दिलेली. नवरा गेला, मुलं नोकरीपायी लांब, अक्का घरात एकटी. आई लवकर वारली, तेव्हा महिपतीला भरवलं, न्हाऊ घातलं, झोडपलं — सगळं हिनंच. आणि महिपती तरुणपणी दर भाऊबीजेला तिच्याकडं जायचा कसा? सायकलीनं! दमून पोचायचा, ओसरीवर आडवा व्हायचा, मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी अक्काच म्हणायची, 'आता जा बाबा, तुझी बायको माझ्या नावानं बोटं मोडत आसंल!'

मग काय झालं? जे तुमचं-माझं होतं तेच! पाठ दुखायला लागली, बूड दुखायला लागलं, सायकल माळ्यावर गेली आणि आली भाड्याची गाडी. गेल्या साली महिपतराव गाडीनं गेले. ड्रायव्हर दारात. अक्कानं ओवाळलं, यांनी पाकीट ठेवलं. अक्का म्हणाली, "जेवून जा." हे म्हणाले, "नको गं, गाडी खोळंबलीय."

गाडी खोळंबलीय! मंडळी, गाडीला पोट असतं का? तिला बहीण असते का? मग तिचं खोळंबणं एवढं मोठं कसं हो?

अक्का रडली नाही, भांडली नाही. ताट खाली ठेवत एवढंच म्हणाली, "महिपा, पुढच्या साली असा येणार आसशील तर येऊ नगंस. मी चंद्राला ओवाळीन."

ऐकलंत? आयाबहिणींना कळलं, पुरुषमंडळींना सांगतो. ज्या बहिणीला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. म्हणजे अक्का काय म्हणाली? तू असून मला भाऊ नाही! काय राहिलं मग?

वर्षभर महिपतरावांना ते वाक्य घास गिळू देईना. दिवाळी जवळ आली तसं त्यांनी माळ्यावरची सायकल खाली काढली. मालनताई म्हणाल्या, "अहो, या वयात?" हे म्हणाले, "गाडीनं गेलो तर परत घड्याळच बघीन मी. माझा मला भरवसा न्हाई. सायकलीनं गेलो की राहावंच लागतंय." बघा, माणूस स्वतःला किती ओळखून होता!

पण बुडाचं काय? तर ते पुण्याच्या लेकीनं ऐकलं. ती सायकलवाली. म्हणाली, "आप्पा, बिब शॉर्ट पाठवते." आता ही काय चीज आहे? सायकलवाल्यांची चड्डी. अंगाला चिकटून बसणारी, खांद्यावरनं पट्टे आलेले, आणि बुडाखाली आतून मऊ गादी शिवलेली. नाडी नाही, बटण नाही! महिपतराव म्हणाले, "पाठव, पण दोन नंबर मोठी पाठव." का? अहो, लहानपणापासनं वाढत्या अंगाचे कपडे! शाळेचा सदरा घेतला की तो गुडघ्यापर्यंत, पुढच्या तीन इयत्तांची सोय. आता साठीनंतर काय वाढणार होतं? पोट सोडलं तर?

आली चड्डी. ऐसपैस! महिपतराव खूश. आणि तिच्या आत त्यांनी आपली नेहमीची पट्ट्यापट्ट्यांची, चांगली ढगळ अंडरवेअरही चढवली. खरं तर लेकीनं फोनवर आईला बजावलं होतं, की आत काही घालायचं नाही, शिवण काचते. पण बापाला हे सांगायचं कुणी? लेक लाजली, तिनं आईला सांगितलं. आई लाजली, तिनं देवाला सांगितलं! देव काय करणार?

महिपतराव माधवनगरच्या पुढं जाऊन परत आले. आले म्हणजे कसे आले? दोन पायांत घागर धरून चालावं तसे! सैल कापडाला घड्या पडलेल्या, गादी फिरून भलतीकडेच गेलेली, आतली शिवण मांडीत रुतलेली. मालनताईंनी खोबरेल तेल आणून दिलं, तोंड फिरवलं, आणि मग सांगून टाकलं, "पोरगी म्हणत होती, आत काय घालायचं न्हाई."

"मग आधी का सांगितलं न्हाईस?"

"तुम्हास्नी आन् मी? ते कसं सांगायचं हो?"

चाळीस वर्षं संसार केला, मंडळी! हसता काय, तुमच्या घरी वेगळं आहे?

लेकीनं मापाची दुसरी पाठवली. महिपतरावांनी ती आत काही न घालता चढवली आणि आरशापुढं ताठ उभे राहिले. झालं! पट्टे खांद्यात रुतायला लागले. पोट आवळलेलं. पाठ सरळ करावी तर पट्टे खाली ओढतात, आणि गादी मागं अशी फुगलेली की विचारू नका! उद्या भाऊबीज. महिपतराव खाटेवर बसले आणि म्हणाले, "मालन, लहान झाली ही. धड उभं राहता येईना. सांग गाडीवाल्याला."

मालनताईंनी फोन हातात घेतला. आणि महिपतरावांच्या कानात कोण बोललं? सुलाक्का! आत्ताची नव्हे हो. पंचविशीतली, तोंडात टाचण्या धरलेली सुलाक्का!

कारण, मंडळी, ही काही महिपतरावांची पहिली बिब शॉर्ट नव्हती. तरुणपणी महिपती सायकलीच्या शर्यती लावायचा, आणि त्या दिवसांत तो काटकुळा. कमरेला चड्डी म्हणून ठरत नव्हती, आणि लोखंडी स्प्रिंगांच्या सीटनं सोलून निघायचा. माहेरपणाला आलेल्या अक्कानं ते बघितलं. आईचं जुनं नऊवारी होतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. त्याच्या घड्या घातल्या, गोधडीसारखे टाके मारले आणि खाकी चड्डीला आतून गादी लावली. वडिलांच्या फाटक्या पटक्याचे दोन पट्टे केले, खांद्यावरनं घेतले. आई बुडाखाली, बाप खांद्यावर! असा पोशाख कुठल्या दुकानात मिळेल, सांगा बरं?

आणि माप घेताना महिपती असाच ताठ उभा राहिला होता, छाती काढून. अक्कानं पाठीत धपाटा घातला. "उभ्यानं माप देतोस व्हय रं? उभ्यानं शर्यत लावणार हाईस काय? बस सायकलीवर!" गोठ्याच्या भिंतीला सायकल टेकवली, त्याला वर बसवलं, हँडल धरून वाकवलं. मग पाठीवरनं पट्टा मोजला, मांडीला कोळशाची खूण केली. "हालू नगंस. आता जसा हाईस तसा खरा हाईस."

महिपतराव खाटेवरनं उठले. सायकल घरात आणली, भिंतीला टेकवली. मालनताई म्हणतात, "अहो, फरशी!" पण ऐकतंय कोण? टांग टाकली, बसले, हँडल धरून वाकले.

आणि पट्टे सैल झाले! खांद्याला काही लागेना. पोटावरचं कापड नीट बसलं. मागं फुगलेली गादी अलगद हाडांखाली आली, जिथं हवी तिथंच. काही म्हणजे काही काचेना! वस्तू उभं राहायला केलेलीच नव्हती हो. ती निघणाऱ्यासाठी केलेली होती!

महिपतराव तसेच वाकून बसले. मालनताईंना वाटलं, पाठीत लचक भरली. जवळ जाऊन बघतात तर हँडलवर टपटप पाणी पडतंय. महिपतराव म्हणाले, "मालन, गाडी नको सांगूस."

पहाटे निघाले. वर ढगळ सदरा, म्हणजे लोकलाज राखली. द्राक्षबागांची छाटणी झालेली, कोवळी फूट आलेली, औषधाचा वास सगळ्या रस्त्यावर. तासगावला गणपतीचं गोपूर दिसलं आणि त्यांनी सायकलीवरनंच हात जोडले. एकदाच काय ती पंचाईत झाली. लघुशंका! पट्ट्यांची चड्डी, मंडळी — सदरा काढा, पट्टे उतरवा, उसाच्या आडोशाला माणूस जवळजवळ जन्मला तसा! असो. देवानं लाज राखली, रस्त्यानं कुणी आलं नाही.

दुपारी बोरसगावला पोचले. दम लागलेला, मांड्या भरून आलेल्या, पण कातडी शाबूत! सुलाक्का दारात तांदूळ निवडत बसलेली. तिनं सायकल बघितली. हातातलं सूप तसंच धरून राहिली.   मग तिची नजर खाली गेली, त्या काळ्या तुकतुकीत चड्डीवर.

"ह्ये काय घातलंयस रं मेल्या?"

"तू शिवायचीस तेच की. पुण्यातनं आलंय."

अक्का उठली. सदरा वर करून पट्टा बोटानं ओढून बघितला, आतली शिवण चाचपली. "ताणतंय ह्ये. आपलं ताणत न्हवतं."

"आपलं तुटायचं, अक्का! कोल्हापूरच्या मैदानात तुटलं होतं."

हसली हो अक्का! पदर तोंडाला लावून हसली. आणि हसता हसता तिनं विचारलं, अगदी हळू, कारण उत्तराची तिला भीती वाटत होती — "राहतोस?"

"राहतो," महिपतराव म्हणाले. "पाय उचलत न्हाई आता. आणि उचलला तरी राहतो."

अक्कानं निवडलेल्या तांदळात आणखी एक ओंजळ टाकली.

थांबतो, मंडळी. पेटी थांबवा जरा. तुमच्यातल्या कित्येकांना बहीण आहे. भाऊ आहे. घरी बसून, आरशापुढं ताठ उभं राहून आपण त्या नात्याचं माप घेतो. तिनं फोन केला नाही. त्यानं विचारलं नाही. इथं काचतंय, तिथं रुततंय, लहान झालं आता! काचणारच की! उभ्यानं माप घेतलं तर काचणारच! निघून बघितलंत का? तिच्या दारापर्यंत घाम गाळून गेलात का? मागच्या खेपेला गेलात तेव्हा चपला काढल्या होत्या, का पायातच ठेवून चहा घेतला? हात वर करू नका, मला कळतंय. तुमच्या माना सांगतायत.

सायकल नसली तर एसटीनं जा. गाडीनं गेलात तरी हरकत नाही, पण ड्रायव्हरला परत पाठवा!

चला, टाळ घ्या हातात. देवाचं नाव गाव ऐकेल असं मोठ्यानं घ्या, आणि बहिणीचं नाव मनातल्या मनात!