हॅट हलता कामा नये

‘मान मोडली तरी चालेल, हॅट हलता कामा नये!’ झालं! हा आमच्या हॅटच्या दुकानाचा कायदा. का, ते विचारायचं नाही. आजोबांनी सांगितलं, बाबांनी मान डोलावली, काकांनी तर भिंतीवरच रंगवून घेतलं, आणि मी नुसतं ‘पण का?’ म्हटलं तर आत्या डोळे वटारून, ‘आली कॉलेजातून मोठी शहाणी!’

तुम्हाला सांगते, आमची माप घ्यायची तऱ्हाच न्यारी. डोक्याभोवती टेप गुंडाळायची, ओढायची, आणि गिऱ्हाइकाचे डोळे जरा बाहेर आले की तो आकडा धरायचा! मग हॅट चढवून आजोबा म्हणणार, ‘हं, मान हलवा. अजून! लाजताय काय?’ हॅट हलत नाही. हलेल कशी, रुतून बसलीय ती! कपाळावर ही लालभडक रेघ... आणि बाबा वर कौतुकानं, ‘बघा, कशी चपखल बसली!’

आता आमच्या घरात सगळ्यांचं डोकं दुखतं बरं का. आजोबांचं, बाबांचं... काका तर उशाशी बाम घेऊनच झोपतात. ‘आमच्या रक्तातच आहे ते,’ असं आत्या पाहुण्यांना अभिमानानं सांगते. रक्तात! अहो, काकू लग्न होऊन आली, दुकानाची हॅट घालून गल्ल्यावर बसली, तिचंही दुखायला लागलं. तर आत्या काय म्हणाली? ‘बघा, कशी घरात मिसळली!’

तरी पण उपकार आहेत हो त्यांचे, नाही कोण म्हणतंय! वाफेवर फेल्ट, म्हणजे हॅटची ती दाबलेली लोकर हो, नरम कशी करायची, ते आजोबांनीच शिकवलं. हात पोळला की शिव्याही तेच द्यायचे आणि फुंकरही तेच घालायचे. माझ्या परीक्षेत माझ्या वाटची शिलाई आत्या गुपचूप उरकून ठेवायची, आणि वर म्हणायची, ‘तुझ्यासाठी नाही हो, मला झोप येत नव्हती!’ उपकार आहेतच... पण म्हणून काय गिऱ्हाइकांची डोकी आवळायची?

परवा रोपवाटिकेतल्या बाई आल्या. डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं, रुंद काठाची हॅट घाला, नाहीतर उन्हातलं काम सोडा. आमच्याकडून नेलेली हॅट त्यांनी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘ही परत घ्या. कपाळ ठणकतं. मी आपलं कामच सोडते.’ हातानं लावलेली रोपं सोडून जायची म्हणून डोळे भरलेले त्यांचे! आणि काका काय म्हणतात? ‘सवय होईल हो!’

‘कधी?’ बाईंनी विचारलं.

‘आता... आम्हालाच अजून व्हायचीय.’

मी हॅट उचलली, वाफ दिली, लाकडी साच्यावर ताणली. भुवयांच्या वर, कपाळाच्या मध्यावर, कानांना न टेकता ठेवली. आतल्या पट्टीखाली बोट अलगद सरकलं. वाऱ्यासाठी हनुवटीखाली दोरी लावली. बाईंनी श्वास सोडला आणि हसल्या. ‘अगं, डोक्यावर आहे असं वाटतच नाही!’

तेवढ्यात मागून आजोबा गरजले, ‘हलतेय ती! घट्ट कर.’

‘नाही करणार.’

‘काय म्हणालीस?’

‘नाही करणार, आजोबा. हे हात तुम्ही घडवलेत, उपकार आहेत तुमचे. पण ह्या हातांनी मी कुणाचं डोकं आवळणार नाही.’

बाई माझ्या गालाला हात लावून ‘उद्या पेरणी आहे’ म्हणत गेल्या. मग आजोबांनी कपाळ चोळत आपली हॅट काढली आणि माझ्यापुढे ठेवली. बाबांनी त्यांची ठेवली. काकांनी स्वतःची आणि काकूचीही. आत्यानं तर आतून कपाटच रिकामं करून आणलं.

मी जिंकले म्हणता? अहो, कालपासून वाफेपुढे उभी आहे... एक अक्षर न बोलता कामाला लावलं हो मला!