चिखल द्या, भावजी

मी मूळची पालीकडची, गोड्या मातीतली. लग्न करून इकडं खारेपाटात आले तेव्हा मला ठाऊकच न्हवतं की शेताच्या पलीकडं खाडी असते आणि मध्ये नुसता मातीचा बांध. मालक म्हणाले, हा बांध फुटला तर तीन वर्सं भाताचं नाव काढायचं न्हाय, खारं पाणी जमीन खाऊन टाकतं. मालक गेले, त्याला आता नऊ वर्सं झाली. तेव्हापासून माझं शेत मीच करते, आणि शेजारचं शेत माझ्या दिराचं, नामदेव भावजींचं.

लिहून घ्या तुम्ही, आमच्यात जोळ म्हणून एक रीत हाय. बांधाला खांड पडली, भगदाड पडलं, की घरटी एक माणूस निघायचाच. एक रांग लागते, चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात जातो, मध्ये पेंढा घालतात. तिथं कोण कुठल्या पक्षाचा ते कुणी विचारत न्हवतं.

ते विचारलं या निवडणुकीनं. भावजी एका पक्षाचे, मी दुसऱ्याच्या प्रचारात. मी गप बसणारी बाई न्हाय, जे पटतं ते बोलते. निकाल अगदी काट्यावरचा लागला. दिल्लीत त्यांचं सरकार आलं, इथं आमचा माणूस थोडक्या मतांनी निवडून आला, म्हणजे दोघंही जिंकले आणि दोघंही जळले. त्यांनी माझ्या दारात फटाके लावले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्ही माझ्या मालकांचे भाऊ शोभत न्हाय. त्या दिवसापासून बोलणं बंद. गावानंही जोळी दोन केल्या, त्यांची वेगळी, आमची वेगळी. अशी अक्कल कुणाची ते मला विचारू नका, त्या बैठकीत मीही हात वर केला होता.

आणि पुनवेच्या उधाणाआधी, सकाळी, बांध फुटला. नेमका आमच्या दोन शेतांच्या सांध्यावर. दुपारी बाराला भरती पुरी चढणार. ते त्यांच्या टोकानं लागले, आम्ही आमच्या. चिकण माती सगळी त्यांच्या बाजूला, पेंढा सगळा आमच्या. त्यांचा नुसता चिखल विरघळून चालला, आमचा पेंढा तरंगत खाडीत चालला. आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं बघत उभी, हसतायत, टोमणे मारतायत. तिकडून एक ओरडला, मागा की तुमच्या खासदाराकडं माती. इकडून आमचा म्हणाला, दिल्लीहून पेंढा मागवा. मधल्या खांडीतून पाणी आत.

मी लुगडं खोचलं आणि खांडीत उतरले. पाणी छातीला लागलं. पाय ठरेना. समोर काठावर भावजी, हातात गोळा. मी हात पुढं केला.

ते म्हणाले, वयनी, आधी तो शब्द मागं घ्या.

मी म्हणाले, न्हाय घेत. तुम्ही फटाक्यांची माफी मागता का? तेही न्हाय म्हणाले. मग म्हटलं, राहू दे दोन्ही. चिखल द्या, भावजी.

ते उभेच. पाणी माझ्या गळ्याला आलं. मागनं आमचीच माणसं ओरडतायत, बाहेर या, त्यांच्यासमोर हात पसरू नका. मी हात खाली घेतला न्हाय.

मग ते वाकले. म्हणाले, धरा, जड हाय.

मी तो गोळा मागं दिला, मागनं पेंढा आला, तो पुढं दिला. मग भावजींच्या मागं त्यांची माणसं आली, माझ्यामागं आमची, रांग एक झाली. बांध टिकला. पण भांडणात गेला तेवढा वेळ काही परत आला न्हाय. सांध्यावरचा तुकडा खारावला, अर्धा माझा, अर्धा त्यांचा. बघा ना, तो पांढरा पडलाय तो.

आता बोलतो आम्ही. भांडतोही. पुढच्या वेळी मत मी माझंच देणार, ते त्यांचंच देणार. जोळ मात्र परत एकच केली, आणि त्यासाठी वर गेलेला पहिला हात भावजींचा, माझा दुसरा.

चहा घ्या आणि मग त्यांच्याकडंही जा. ते तुम्हाला वेगळंच सांगतील, तेही लिहून घ्या. बांधावरनंच जा, आता पक्का हाय. सुखरूप जा.