ब्रदरांची हात-तपासणी

आमची मिशनची टेक्निकल शाळा बंद पडून तिथं आता मंगल कार्यालय झालंय, माहितीय ना? परवा तिथंच आम्हा जुन्या पोरांचं जेवण होतं. पूर्वी जेवणाआधी वर्कशॉप शिकवणारे मिशनचे ब्रदर दारात उभे राहून हात बघायचे. कामानं काळे झालेले नसले, की उपाशीच परत वर्कशॉपात!

जाताना रहिमतपूरजवळ माझी गाडी बंद पडली. सोबत वर्गमित्र युनूस, गॅरेजवाला. त्यानं दुरुस्त केली. मी इंजिनिअर, म्हणून सूचना दिल्या.

दारात बघतो तर म्हातारे ब्रदर! युनूसनं लाजून हात खिशात घातले.

"दाखव हात."

"आवं ब्रदर, वाटेत गाडी बंद पडली. धुवून येतो."

"धू, आणि पहिल्या पंगतीला बस."

मग माझ्याकडं वळले. "गाडी कुणाची?"

"माझीच."

"मग तुझे हात स्वच्छ कसे रे?"