आंब्याखालची लेक

बायको गेल्यापासून झोप नव्हती, म्हणून आमच्या कॅम्प चार वस्तीतल्या दवाखान्यात बसलो होतो. शेजारी बारवी धरणाकडची म्हातारी सुनेला वहीत आठवणी लिहायला सांगत होती. तिचं मन रमावं म्हणून डॉक्टरांनीच तसं सुचवलं होतं.

“लिही, आंब्याखाली माजी पयली लेक पुरली हाय.”

“आई, डॉक्टर बोलले ना, आनंदाचं सांगा.”

“तू लिही गो. तिथं आता धरनाचं पानी हाय. मी मेल्यावर कोनाला ठावं ऱ्हानार?”

“ह्यांना बहीण होती? कधी बोलला नाहीत.”

“गोमाच्या बापानं शपथ घातलेली.”

“नाव काय तिचं?”

“बारश्याआदीच गेली. गोमाची मोठी बहीन, असं लिही.”

“ह्यांचं नाव मी कसं लिहू?”

“लिही. नवऱ्याचा मान राखून मी काय मिळवलं?”