सुमनवहिनींच्या वतीने दिलगिरी नाही

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

बोलायला उभी राहिले आहे. उभं आयुष्य वर्गात बोलण्यात गेलं माझं. हातात खडू असला की शब्द कधी कमी पडला नाही. आज पडतोय. समोर नानांचा फोटो आहे, फोटोला हार आहे, आणि नाना गप्प आहेत. हा माणूस गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता हो.

बाहेरगावची मंडळी आहेत म्हणून सांगते. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली कुलकर्णी बाई. या मंडपातल्या निम्म्या लोकांना मी बाराखडी शिकवली आणि उरलेल्यांचे कान पिळले. भगवाननाना आधी शाळेच्या समितीवर होते, मग सरपंच झाले, मग जामखेडला पंचायत समितीचे सभापती. सुमनवहिनी त्यांच्या पत्नी. मी नानांची कार्यकर्ती नव्हते. माझं त्यांच्याशी नातं होतं ते भांडणाचं. सांगते ते.

पण आधी आजचं. आपला संजय, जो हे सगळं आयोजन बघतोय, तो परवा माझ्या घरी आला. चहा घेतला. म्हणाला, "बाई, शोकसभेत तुम्ही बोला. तुमचा शब्द गाव मानतं." मी म्हटलं, बोलेन. तर म्हणाला, "शेवटी सुमनवहिनींच्या वतीनं दोन शब्द दिलगिरीचे बोला. स्मशानात जे झालं ते बरं नाही झालं. आमदारसाहेबांना वाईट वाटलंय. तिथल्या ओढ्यावरच्या पुलाचं काम अडकायला नको."

मी त्याला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. विचार करते म्हटलं. साहेब, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. बरं झालं आलात. विचार करून आलेय, तो तुमच्यासमोरच सांगते.

स्मशानात काय झालं? सगळ्यांनी पाहिलं, तरी प्रत्येकजण वेगळंच सांगतोय. म्हणून मी पाहिलं ते सांगते.

नाना गेले पहाटे. सकाळी तयारी झाली. मुलगा नागापूरच्या एमआयडीसीतून, होता त्या कपड्यांवर आला. सगळे आले. पण तिरडी उचलली नाही. का? तर साहेब नगरहून निघालेत. दहा वाजले, निघालेत. बारा वाजले, निघालेत. ऊन चढलं. बर्फाच्या लाद्या वितळून अंगणात ओल झाली. सुमनवहिनी नानांच्या उशाशी बसून पदरानं माशा वारत होत्या. त्यांना कुणी विचारलं का, वहिनी, थांबायचं की निघायचं?

तेवढ्या वेळात तिकडे काय चाललं होतं? स्मशानाच्या रस्त्यावर डंपर आले. मुरूम पडला. रोलर फिरला. ओढ्यात सिमेंटचे पाइप टाकून वर भराव झाला. ज्या ओढ्यातून हे गाव आपली माणसं खांद्यावर, पाण्यातून, चिखलातून नेत आलं, त्या ओढ्यावर एका सकाळीत रस्ता झाला. कचेरीत अर्ज नाही, ठराव नाही, मोर्चा नाही. एक फोन झाला असणार. साहेबांची गाडी ओढ्यात अडकू नये.

शेवटी साहेब आले, आणि त्या मुरमावरून पहिली गेली ती नानांची तिरडी. ज्या माणसाची जीभ हा रस्ता मागून मागून झिजली, त्याची.

मग सरणावर ठेवलं. आणि मग आपली पद्धत सुरू झाली. सरण रचलेलं, नाना त्यावर, मुलगा मडकं घेऊन उन्हात उभा, आणि टेम्पोवर लावलेल्या कर्ण्यातून श्रद्धांजली. एक जण बोलला, दुसरा बोलला. कारखान्याचे बोलले, बँकेचे बोलले. मध्येच कुणाचं नाव राहिलं म्हणून दोघांची बाचाबाची झाली. सरणाशेजारी! एका इच्छुक उमेदवारानं सांगितलं की नानांचं अपुरं स्वप्न आपण साहेबांच्या नेतृत्वाखाली येत्या निवडणुकीत पूर्ण करू. मग घोषणा झाल्या. नाना अमर रहे, अमर रहे. आणि घोषणा देणारा आपला गणपत, बिचारा सवयीचा गुलाम, त्याच दमात ओरडला, "साहेबांचा विजय असो!" आणि लोकांनी "विजय असो" म्हटलंसुद्धा. हात वर करून. मी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत. हसू नका. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

तेव्हा कुणी म्हणालं का, की ही वेळ नाही? कुणी माईक काढून घेतला का?

मग सुमनवहिनी उठल्या. स्मशानात आल्या म्हणून आधीच काहींनी नाकं मुरडली होती. त्या माईकजवळ गेल्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "सायेब, एकच इचारते. ह्यो मुरूम कुनासाठी टाकला? ह्यांच्यासाठी का तुमच्या गाडीसाठी? ह्यांच्यासाठी आसंल तर ह्ये जित्ते हुते तवा का न्हाई..."

एवढंच. पुढचं आपण ऐकलं नाही. संजय, तू त्यांच्या हातातून माईक घेतलास. "काकू, ही वेळ न्हाई." आणि कर्ण्यावरून सांगितलंस, वहिनींना शोक अनावर झालाय, त्यांचं भान हरपलंय, सर्वांनी समजून घ्यावं.

आता चिठ्ठी पाठवू नकोस, संजय. "थोडक्यात आवरा" असंच लिहिलं असशील. आवरते. माझं आवरलं की मी बसते. स्मशानात एवढे लोक बोलले तेव्हा कुणाला चिठ्ठी दिली होतीस?

हं. तर आता माझं नि नानांचं भांडण.

माझी आई गेली तेव्हा ओढ्याला पाणी होतं. कमरेएवढ्या पाण्यातून तिरडी न्यावी लागली. मधेच माझ्या भावाचा पाय घसरला. तिरडी कलली. आईचा पाय बाहेर आला आणि पाण्याला लागला. फार काही नाही. पण मला ते अजून दिसतं. आजही दिसतं.

तिच्या दहाव्याला त्या वेळचे आमदार आले होते. सतरंजीवर बसले होते. प्रवचन संपलं आणि नाना उठले. कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांसमोर आमदारांना म्हणाले, "ह्या म्हातारीला पान्यातून न्यावं लागलं. तुमाला काय वाटतं? काय वाटतं का?" आमदारांचा चेहरा उतरला. सगळा कार्यक्रम बिघडला. मी भडकले. लोक गेल्यावर नानांना म्हटलं, माझ्या आईच्या दहाव्याला तुम्ही सभा घेतलीत. माझं दुःख तुम्ही वापरलंत. परत माझ्या दारात येऊ नका.

ते आले. दुसऱ्याच दिवशी आले. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "बाई, रागवा. पर मला येक सांगा. कचेरीत गेलं तर पीए भेटतो. सभेत गेलं तर त्ये वर, आमी खाली. ह्यो गडी आपल्या शेजारी मांडी घालून दुसऱ्या कंच्या दिशी बसतो? मयतीला तेवढा बसतो. उठून जाता येत न्हाई त्याला."

मी म्हटलं, तरी ते माझ्या आईचं दहावं होतं.

"व्हय," म्हणाले, "म्हनूनच तर बोललो. तुमी लई सोवळ्यातल्या. तुमी बोलला नसता."

मी कित्येक महिने त्यांच्याशी बोलले नाही. आणि मंडळी, खरं सांगते, माझं मत आजही बदललेलं नाही. दुसऱ्याच्या दुःखात न विचारता शिरून बोलू नये. ते दुःख घरच्यांचं असतं. तिथं बोलायचं की नाही, ते घरच्यांनी ठरवायचं. नाना चुकले होते. आत्ता इथं असते तर वाद घातला असता माझ्याशी, आणि मी हरले नसते.

पण मग त्या दिवशी स्मशानात कुणाचं दुःख होतं? सरणावर कुणाचा नवरा होता? साहेबांचा कुणी होता का? कारखान्याचा? त्या गर्दीत बोलायचा हक्क असलेली एकच बाई होती, आणि तिच्याच हातातून आपण माईक घेतला. ज्यांचा काही हक्क नव्हता ते तासभर बोलले.

मला कळत नाही, साधी गोष्ट आहे. साहेबांचं कौतुक केलं की ती श्रद्धांजली, आणि साहेबांना प्रश्न विचारला की ते राजकारण? मयतीत राजकारण नको म्हणता ना? मग नकोच. पण दोन्ही नको. उमेदवारी नको, जयजयकार नको, वाट बघत मढं उन्हात ठेवणं नको. तसं होणार असेल तर मी आज या जागेवरून सांगते, गावानं ठराव करावा, मी पहिली सही करेन. होणार आहे का तसं? कुणी मान हलवत नाहीये. माहीत होतं मला.

मला कंटाळा आलाय हो. या गावाला काही मिळवायचं असलं की कुणाला तरी आधी माफी मागावी लागते. पूल हवाय? मग विधवेनं दिलगिरी व्यक्त करावी. तीही स्वतः नाही, तिचं भान हरपलंय ना, म्हणून तिच्या वतीनं बाईंनी करावी. मी आज सकाळी ओढ्यावर जाऊन आले. भराव एका बाजूनं खचलाय. नीट बांधलेला नव्हताच, एका गाडीपुरता होता.

संजय, तू वाईट मुलगा नाहीस. तुला पुलाची काळजी आहे, मला माहीत आहे. तुझी आजी आजारी आहे, तेही माहीत आहे. तू घाबरलास. सगळं गाव घाबरलंय की साहेब रागावले तर उद्या आपल्या माणसाला पुन्हा पाण्यातून न्यावं लागेल. म्हणून विचार करायला वेळ घेतला मी. दोन रात्री झोप नाही. म्हटलं, बोलून टाकावेत का दोन शब्द? काय जातंय माझं? पूल झाला तर झाला.

नाही बोलणार. सुमनवहिनींच्या वतीनं मी दिलगिरी व्यक्त करणार नाही. माझ्या वतीनंही नाही. पूल आमचा हक्काचा आहे, साहेब, आणि तो माफीवर मिळणार असेल तर तसं तुम्ही स्वतः या माईकवर येऊन सांगा. मी बाजूला होते.

झालं माझं. आता सगळ्यांनी उभं राहू या. नानांसाठी शांत राहू या. टोप्या काढा. मोबाईल बंद करा. नाना, तुम्हाला माझा नमस्कार. तुमच्याशी भांडायला आता कुणी नाही, ही गोष्ट मला फार जड जाणार आहे.

आणि साहेब, मौन सुटलं की लगेच गाडीकडे जाऊ नका. वहिनी तिथं खांबापाशी बसल्या आहेत. त्या शोकात आहेत, पण शुद्धीवर आहेत. त्यांनी विचारलंय, उत्तर त्यांना द्या.

उभे राहा.