पावडरीचा ग्लास

पनवेलला किडनीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी बापलेक बोलत होते.

"बाबा, आता डायलिसिस करावं लागेल म्हणतात. प्रोटीन कमी घ्या, हे तुम्हाला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं?"

"दोन वर्षांपूर्वी."

"मग मी देत होतो ती अमिनोची, म्हणजे प्रोटीनचीच पावडर का प्यायलात? मला वाटलं, तुमच्या पायांत ताकद येईल."

"चव मात्र घाण होती हां."

"मस्करी नको. एकदा तरी नाही म्हणायचं ना!"

"इंद्रा, तू जिमवरून आलास की सरळ खोलीत जायचास. पावडर सुरू केलीस तेव्हापासून, ग्लास रिकामा होईपर्यंत माझ्याजवळ बसायला लागलास."

"म्हणून प्यायलात?"

"सावकाश प्यायचो."